बंबाशेजारी रडणारं बायबल: एका टँगोचा अर्थ

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादी दुपार घालवली असेल, तर ‘कांबालाचे’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. मूळ अर्थ अदलाबदल, देवाणघेवाण. ब्युनोस आयर्समध्ये त्याचा अर्थ झाला जुन्यापुराण्या वस्तूंचं दुकान. घरात पैशांची चणचण भासली की माणसं तिथे काहीबाही विकायला नेत. आजोबांचं घड्याळ, वाजत नसलेलं व्हायोलिन, पितळी दिवा. दुकानदार सगळं एकाच काचेमागे लावून ठेवी. कोणती वस्तू कोणत्या घरातून आली आणि तिथे तिचा काय मान होता, हे काचेला माहीत नसतं.

१९३४ मध्ये एन्रिके सांतोस दिसेपोलो या माणसाने हीच काच उचलली आणि तिच्यावर एक टँगो लिहिला. नावही तेच, ‘कांबालाचे’. शब्द त्याचे, चालही त्याचीच.

टँगो म्हटलं की आपल्यासमोर येतो तो नाच. ओठांत गुलाब धरलेली जोडी वगैरे. हे चित्र बरंचसं सिनेमांनी दिलेलं आहे. टँगो गायलाही जातो, आणि गाणं म्हणून त्याला खरी ओळख मिळाली ती १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ गायलं तेव्हापासून. त्यानंतरचे बहुतेक टँगो म्हणजे सोडून गेलेली बाई, जुनी गल्ली, म्हातारी आई आणि दारूचा पेला. दिसेपोलोने यात एक वेगळीच खोली बांधली. त्याच्या गाण्यात प्रेमभंगापेक्षा जास्त जागा पैशाला, भुकेला आणि फसवणुकीला आहे. टँगो म्हणजे ‘नाचता येणारा एक दुःखी विचार’, ही जगभर फिरणारी व्याख्याही त्याचीच समजली जाते. गंमत म्हणजे ‘कांबालाचे’वर नाचणं अवघडच. ओळी इतक्या शब्दांनी ठासून भरलेल्या आहेत की गायकाला धड श्वास घ्यायला जागा मिळत नाही. तो अर्धं गातो आणि अर्धं भांडतो.

गाण्याची सुरुवात साधारण अशी: जग ही एक घाण होती आणि घाणच राहणार, हे मला ठाऊक आहे, सन ५०६ मध्येही आणि सन २००० मध्येही. ही ओळ इतकी गाजली की लोक तिच्यावरच थांबतात आणि ‘निराशावादी गाणं’ असा शिक्का मारून मोकळे होतात. पण पुढचं वाक्य नीट ऐकायला हवं. चोर, कपटी आणि फसवले गेलेले लोक कायमच होते, खरं सोनं आणि मुलामा दिलेलं पितळ कायमच होतं, एवढं तो आधी मान्य करून टाकतो. मग म्हणतो, पण हे विसावं शतक म्हणजे उर्मट दुष्टपणाचं प्रदर्शन आहे, हे कोण नाकारेल? गाण्याचा सगळा जोर या ‘उर्मट’वर आहे. पूर्वी चोर रात्री यायचा. आता तो दिवसाढवळ्या येतो आणि आपण उठून त्याला खुर्ची देतो.

ही खुर्ची कोणी कोणाला दिली होती, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९१२ मध्ये अर्जेंटिनात गुप्त मतदानाचा कायदा झाला. मत होतं ते फक्त पुरुषांना. त्या कायद्यामुळे १९१६ मध्ये इपोलितो इरिगोयेन राष्ट्राध्यक्ष झाला. जमीनदारांच्या बंद वर्तुळाबाहेरचा, मध्यमवर्गाच्या पाठिंब्यावर निवडून आलेला माणूस. तो १९२८ मध्ये पुन्हा निवडून आला. मग १९२९ ची जागतिक मंदी आली. गहू आणि मांस विकून जगणाऱ्या देशाचे भाव कोसळले आणि ६ सप्टेंबर १९३० रोजी जनरल उरिबुरूने लष्कराच्या बळावर इरिगोयेनला हटवलं. पुढची तेरा वर्षं अर्जेंटिनाच्या इतिहासात ‘देकादा इन्फामे’, म्हणजे बदनाम दशक, म्हणून ओळखली जातात.

बदनाम का? लष्करी राजवटीने १९३१ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतात निवडणूक घेऊन पाहिली. इरिगोयेनचा पक्ष पुन्हा जिंकला, तर निकालच रद्द करून टाकला. त्यानंतर वर्षानुवर्षं मतपेट्या बदलल्या गेल्या, ‘तुमचं मत आधीच पडलंय, घरी जा’ असं मतदारांना तोंडावर सांगितलं गेलं. हे चोरून होत नव्हतं. सत्तेतल्या मंडळींनी त्याला नाव दिलं होतं ‘देशभक्तीची फसवणूक’: अडाणी जनता चुकीच्या माणसाला निवडते, म्हणून देशाच्या भल्यासाठी आम्ही मतं चोरतो. चोरीच्या आधी देशभक्ती लावायची, ही काच झाली. दिसेपोलोला दृष्टांत शोधायला फार लांब जावं लागलं नसणार.

१ मे १९३३ रोजी ब्रिटनबरोबर मांसाचा करार झाला. साम्राज्यातल्या देशांनाच व्यापारात झुकतं माप द्यायचं, असं ब्रिटनने आदल्या वर्षी ओटावात ठरवलं होतं. अर्जेंटिना घाबरली. ब्रिटनने मांस घेत राहावं म्हणून तिने बदल्यात भरपूर सवलती दिल्या. निर्यातीचा ८५ टक्के वाटा परदेशी मांस कंपन्यांच्या हाती राहिला. आपण त्याच साम्राज्यातून बाहेर पडण्यासाठी तुरुंगात जात होतो त्या काळात एक स्वतंत्र देश त्याच्या दारात ताटकळत उभा होता, हे वाचताना मला दर वेळी चमत्कारिक वाटतं. तिकडे ब्युनोस आयर्सच्या नव्या बंदराजवळ बेकारांनी पत्र्याच्या झोपड्या टाकल्या होत्या. त्या वस्तीला नाव पडलं होतं ‘बिया देसोकुपासियोन’, बेकारीनगर.

आता गाण्याचा सगळ्यात खमंग भाग. दुसऱ्या कडव्यात दिसेपोलो नावांची एक माळ फेकतो: स्ताविस्कीबरोबर दॉन बॉस्को, मिन्यॉन, दॉन चिचो आणि नेपोलियन, कार्नेरा आणि सान मार्तीन. आज ऐकताना ही नावं नुसती लयीसाठी आल्यासारखी वाटतात. पण १९३४ चं वर्तमानपत्र हातात घेतलं तर त्यातली काही पानापानावर सापडतात.

अलेक्सांद्र स्ताविस्की हा फ्रान्समधला महाठक. त्याने बायोन गावच्या नगरपालिकेच्या गहाणखात्याच्या नावाने खोटे रोखे काढून लोकांना कोट्यवधींना बुडवलं. ८ जानेवारी १९३४ रोजी तो गोळी लागलेल्या अवस्थेत सापडला, पंतप्रधानाला राजीनामा द्यावा लागला आणि ६ फेब्रुवारीला पॅरिसच्या रस्त्यांवर रक्त सांडलं. त्याची सगळी करामत गहाणखात्यातून झाली, म्हणजे कांबालाचेच्या सख्ख्या भावाकडून. दिसेपोलोच्या मनात हा धागा होता की नाही, तोच जाणे. पण यादीची सुरुवात याहून नेमक्या माणसाने झाली नसती.

दॉन बॉस्को म्हणजे आपल्या माटुंग्याच्या शाळेमुळे ओळखीचे झालेले डॉन बॉस्को. गरीब पोरांसाठी आयुष्य वेचणारा इटालियन धर्मगुरू. त्याच्या संघाची माणसं १८७५ पासून अर्जेंटिनात शाळा चालवत होती. १ एप्रिल १९३४ रोजी पोपने त्याला संत घोषित केलं. म्हणजे ठकाची बातमी जानेवारीत, संताची एप्रिलमध्ये. दोन्ही पहिल्या पानावर, एकाच टायपात.

मिन्यॉन हे कोणा एका बाईचं नाव समजू नये. फ्रेंचमध्ये हा लाडाचा शब्द. गाण्यात तो श्रीमंताने ठेवलेल्या बाईसाठी येतो. दॉन चिचो हा रोसारिओ शहरातला माफिया सरदार हुआन गालिफ्फी. १९३२ च्या ऑक्टोबरात आबेल आयेर्सा नावाच्या श्रीमंत तरुणाचं अपहरण झालं, पुढे त्याचा खून झाला आणि या टोळ्यांची नावं घराघरात पोचली. कार्नेरा म्हणजे प्रीमो कार्नेरा, राक्षसी देहाचा इटालियन मुष्टियोद्धा. १९३३ मध्ये तो जगज्जेता झाला, पण त्याच्या कितीतरी लढती गुंडांनी आधीच ठरवलेल्या होत्या असा दाट संशय होता. १४ जून १९३४ रोजी मॅक्स बेअरने त्याला पुनःपुन्हा जमिनीवर लोळवून तो किताब हिसकावला. आणि शेवटचा सान मार्तीन. १८१७ मध्ये फौजेसह अँडीज ओलांडून अर्धा खंड स्पेनच्या तावडीतून सोडवणारा सेनापती. अर्जेंटिनात त्याचं नाव घेताना लोक सावरून बसतात. त्याच्या शेजारी कार्नेरा! आपल्याकडच्या कुठल्या नावाशेजारी कोणता पैलवान बसवला तर असाच गहजब होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या माळेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दॉन बॉस्को, दॉन चिचो आणि कार्नेरा, तिघेही इटलीत जन्मलेले. संत, गुंड आणि पैलवान. दिसेपोलोचे वडील सांतो हेही नेपल्सहून आलेले वादक. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची जवळजवळ निम्मी लोकसंख्या परदेशात जन्मलेली होती आणि तिच्यात इटालियन मोठ्या संख्येने होते. त्यामुळे ही सरमिसळ त्याने बाहेरून नाक मुरडत पाहिलेली नाही. तो त्याच काचेमागे वाढला होता. गाण्याची भाषाही तशीच सरमिसळीची. ‘लुन्फार्दो’ नावाची शहराची रांगडी बोली, चोरांच्या सांकेतिक भाषेतून आणि परदेशी मजुरांच्या तोंडून घडलेली. राबणं याला गाण्यात शुद्ध स्पॅनिश शब्द नाही. तिथे ‘लाबुरार’ येतं, इटालियन ‘लावोरारे’वरून.

आणि मग ती ओळ, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. कांबालाचेच्या बेमुर्वत काचेसारखीच आयुष्याची सरमिसळ झाली आहे, आणि रिव्हेट निखळलेल्या तलवारीने जखमी झालेलं बायबल ‘कालेफोन’ला टेकून रडताना दिसतंय.

कालेफोन म्हणजे भिंतीवर बसवायचा गॅसचा गीझर. आपल्या तांब्याच्या बंबाचा शहरी भाऊ. वरवरचा अर्थ सरळ आहे. दुकानात तीन वस्तू एकावर एक पडल्या आहेत, तलवार, बायबल, गीझर. पण ब्युनोस आयर्समधली जुनी माणसं दुसरा अर्थ सांगतात, आणि तो सांगताना आवाज थोडा खाली आणतात. गीझर असतो न्हाणीघरात. तिथेच संडास. धर्मप्रचारक फुकट वाटत ती बायबलं पातळ, मऊ कागदाची. गरिबाच्या घरी त्यांची पानं फाडून तारेच्या आकड्याला टोचून ठेवत. तो आकडा म्हणजेच रिव्हेट नसलेली तलवार. पुढचं सांगायला नको. हा अर्थ धरला तर ओळ एकदम किळसवाणी होते आणि त्याच वेळी कमालीची करुण. पवित्र ग्रंथाला कोणी जाळलं नाही, बंदी घातली नाही. त्याचा फक्त उपयोग केला.

तलवारीबद्दल मला आणखी एक शंका येते. १९२४ मध्ये लेओपोल्दो लुगोनेस या देशातल्या सर्वात मानाच्या कवीने लिमामध्ये भाषण करून ‘तलवारीची घटका पुन्हा आली आहे’ असं जाहीर केलं होतं. १९३० च्या लष्करी उठावाचा तो उघड पाठीराखा. त्यानंतर चारच वर्षांनी एका टँगोत मोडकी तलवार बायबलला जखमी करते. त्यात १९३४ च्या ऑक्टोबरात ब्युनोस आयर्समध्ये कॅथलिकांचा प्रचंड आंतरराष्ट्रीय सोहळा भरला होता, पुढे पोप झालेले कार्डिनल पाचेल्ली स्वतः आले होते. लष्कर आणि चर्च हातात हात घालून मिरवत होते. ही माझी वाचनाची पद्धत आहे, कोणी अशी वाचू नये म्हटलं तर माझी तक्रार नाही.

गाण्यात तक्रार करणारा कोण आहे, हे मात्र शब्दांवरून ओळखता येतं. ‘आता नापास कोणी नाही आणि ज्येष्ठतेची यादीही नाही, अनैतिक लोक आमच्या बरोबरीला आले.’ नापास हा शाळेचा शब्द, ज्येष्ठता यादी हा कचेरीचा. म्हणजे बोलतोय तो पोट मारून शिकलेला, कारकुनीला लागलेला, वेळेवर भाडं देणारा माणूस. प्रामाणिकपणे वागलं तर वर जाता येतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आता त्याला दिसतंय की गाढव काय आणि थोर प्राध्यापक काय, सब घोडे बारा टक्के. खरं सांगायचं तर या ‘आमच्या बरोबरीला आले’मध्ये मला थोडी आढ्यताही ऐकू येते. ‘हल्ली कोणीही उठतो’ असं म्हणणारे काका प्रत्येक वाड्यात असतात. गाणं त्या काकांच्या फार जवळून जातं. वाचतं कशामुळे, तर शेवटच्या कडव्यामुळे.

तिथे सूर पालटतो. ‘जो रडत नाही त्याला दूध मिळत नाही,’ तो म्हणतो. ही म्हण आपल्याकडेही जशीच्या तशी आहे: रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. दिसेपोलो तिला लगेच शेपूट जोडतो, ‘आणि जो चोरत नाही तो येडा.’ मग जणू पाठीवर थाप मारत, चालू द्या, होऊ द्या, शेवटी भट्टीतच भेटायचंय आपल्याला. विचार करू नकोस, बाजूला बस; तू प्रामाणिक जन्मलास की काय, कोणाला पडलंय? रात्रंदिवस बैलासारखा राबणारा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, मारणारा, बरं करणारा, सगळे सारखेच. चिडलेला कारकून इथे उपदेश थांबवतो आणि चोरांच्याच भाषेत, चोरांचाच सल्ला देऊ लागतो. हा उपरोध आहे हे कळतं, पण त्यात एक खराखुरा थकवाही आहे. त्या वाक्यावर हसावं की नाही हे ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

हा थकवा जुना होता. दिसेपोलोचा जन्म १९०१ चा. आईवडील तो लहान असतानाच गेले. वाढवलं ते थोरल्या भावाने, नाटककार आर्मांदोने. एन्रिकेने स्वतःच सांगितलेली आठवण आहे: शाळेच्या सामानात त्याच्याकडे पृथ्वीचा छोटा गोल होता. वडील गेल्यावर त्याने त्या गोलावर काळं फडकं टाकलं आणि ते पुन्हा कधी काढलं नाही. १९३० मध्ये त्याने ‘यीरा, यीरा’ लिहिलं, ज्यात जग कोणाचीही पर्वा न करता गरगरत राहतं. तो गोल चार वर्षांनी ‘कांबालाचे’मध्ये पुन्हा आला.

गाणं लिहिलं होतं ‘एल आल्मा देल बांदोनेओन’ या चित्रपटासाठी. तो १९३५ मध्ये आला. पण त्याआधीच सोफिया बोसानने ते माइपो थिएटरच्या तमाशावजा कार्यक्रमात गाऊन टाकलं आणि निर्माते भडकले. शोभलं म्हणायचं या गाण्याला. पुढे १९४३ चं लष्करी सरकार आलं आणि रेडिओवर लुन्फार्दोला मज्जाव झाला. कितीतरी टँगोंचे शब्द सोवळे करून घ्यावे लागले.

पण या गाण्याची खरी मोडतोड सेन्सॉरने केली त्यापेक्षा विस्मरणाने जास्त केली. काही वर्षांत स्ताविस्की कोण, हेच लोक विसरले. गायक त्याच्या जागी ‘स्त्राविन्स्की’ म्हणू लागले, कारण ते नाव ऐकलेलं होतं. कोणी थेट तोस्कानिनीला बसवलं. झालं काय, की यादीत एका ठकाऐवजी एक मोठा संगीतकार आला आणि संताशेजारी त्याला पाहून कोणाला काही वाटेनासं झालं. ५०६ चंही काही जण ५१० करून गातात. उरुग्वेच्या हुलिओ सोसाने गाणं ओठ आवळून, जवळजवळ भाषणासारखं म्हटलं. ब्राझीलच्या कायेतानो वेलोसोने १९६९ मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं, म्हणजे त्याच्या देशातल्या लष्करी राजवटीने त्याला हद्दपारीत धाडलं त्याच वर्षी.

दिसेपोलो स्वतः मात्र शेवटी त्या काचेतच जाऊन पडला. १९५१ मध्ये त्याने रेडिओवर राष्ट्राध्यक्ष पेरोनच्या सरकारच्या बाजूने छोटी भाषणं करायला सुरुवात केली. ‘मोर्दिस्कितो’ नावाच्या एका काल्पनिक कुरकुऱ्या विरोधकाला उद्देशून. सिलोनचा चहा मिळत नाही म्हणून ओरडतोस, आणि पूर्वी काहीच मिळत नव्हतं तेव्हा का गप्प होतास, असा त्याचा रोख. ‘कांबालाचे’ लिहिणाऱ्याला तीसचं दशक आठवत होतं. त्याला ही बाजू घेणं साहजिक वाटलं असावं. सरकारविरोधी मित्रांनी पाठ फिरवली. घरी शिव्यांची निनावी पत्रं येऊ लागली. कालपर्यंत सगळ्यांचा असलेला कवी एका पक्षाचा माल ठरला. २३ डिसेंबर १९५१ रोजी तो गेला, वय पन्नास.

गाण्यात त्याने सन २००० चा हवाला दिला होता. ते वर्ष आलं आणि गेलं. पुढच्या डिसेंबरात अर्जेंटिनाच्या बँकांनी लोकांचे पैसे गोठवले, माणसं भांडी बडवत रस्त्यावर आली आणि राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेला. नव्या राष्ट्राध्यक्षाने संसदेत उभं राहून जाहीर केलं की देश आपलं परदेशी कर्ज फेडणार नाही. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. तारीख होती २३ डिसेंबर २००१, दिसेपोलोची पन्नासावी पुण्यतिथी.